सांडव्याच्या पलीकडची जयंती

जोराचे पाऊस झाले की कोल्हापुरात एकच चौकशी असते, 'कळंबा भरला का?' या तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागल्याची बातमी आली की संध्याकाळी गाड्या तिकडे वळतात. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, भाजलेली कणसं, रेनकोट असूनही भिजणारी पोरं. या हौसेला नावं ठेवण्याचं कारण नाही. पाण्याचं कौतुक असणाऱ्या गावालाच ते राखावंसं वाटतं.

पण सांडव्यावरून पुढे गेलेल्या पाण्याचं काय होतं, हे पाहायला त्यातलं कोणी जात नाही.

संस्थानकाळात शहराला पाणी मिळावं म्हणून हा तलाव बांधला गेला. कात्यायनीच्या डोंगरातून उतरणारं पाणी अडवायचं आणि उताराच्या जोरावर, पंपाशिवाय गावात आणायचं, अशी ती योजना. सांडव्याबाहेर पडणारं पाणी जयंती नदीचं. हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरीतला विल्सन पूल असं शहर कापत ती पंचगंगेला मिळते. मात्र तिला नदी म्हणणारा माणूस आज शोधावा लागेल. सरकारी कागदातही आणि बोलण्यातही ती 'जयंती नाला' आहे. नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला मन कचरत नाही.

हे नाव अगदीच खोटं आहे असंही नाही. तलाव सांडतो तेवढेच दिवस जयंतीला वरून स्वतःचं पाणी मिळतं. बाकीचे महिने डोंगराचं पाणी तलावात अडलेलं असतं आणि पात्रात वाहतं ते मुख्यतः आपल्या मोऱ्यांचं. हे सांडपाणी अडवून, उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं, अशी व्यवस्था आहे. केंद्राची क्षमता रोज 7 कोटी 60 लाख लिटर. पण उपसा पंपांवर चालतो. वीज गेली, पंप बिघडला किंवा पावसाने लोंढा वाढला की बंधाऱ्यावरून तेच पाणी सरळ पंचगंगेत उतरतं. मोठं केंद्र बांधल्याचा गाजावाजा होतो, राखीव पंपाची आणि जनरेटरच्या डिझेलची चौकशी कोणी करत नाही. नदी मात्र यांवरच तगते किंवा मरते.

उन्हाळ्यात पंचगंगेचा प्रवाह मंदावला की या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. पात्र दुरून हिरवंगार दिसतं. खाली इचलकरंजी आहे. तिथे 2012 साली दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसं दगावली. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पादुकांना पाण्याने स्नान घडवणारा दक्षिणद्वार सोहळा पाहायला आपण जिथे हात जोडून उभे राहतो, तिथवर आपल्याच मोरीचं पाणी पोचलेलं असतं.

जयंती उलटी फिरते तेही आपण पाहिलं आहे. 2019 च्या महापुरात पंचगंगेने तिचं पाणी आत घेतलं नाही, तेव्हा फुगवटा वस्तीत शिरला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या तोंडावर मूर्ती हलवण्याची पळापळ काय असते, ते तिथल्या कारागिरांना विचारावं. पात्राच्या कडेला भराव टाकणाऱ्यांना मात्र कोणी काही विचारत नाही.

खुद्द तलावाचीही स्थिती निश्चिंत राहण्यासारखी नाही. 2016 च्या दुष्काळात कळंबा कोरडा पडला तेव्हा वर्षानुवर्षं साचलेला गाळ उघडा पडला. आता भोवती घरं वाढत चालली आहेत. तलाव महापालिकेचा आणि भोवतीची वस्ती ग्रामपंचायतीची, अशी इथली गुंतागुंत. शहराच्या हद्दवाढीचा वाद आपल्या जागी चालू राहो. पण ओढ्याला हद्द कळत नाही. वरच्या वस्तीचं सांडपाणी तलावात उतरू नये यासाठी दोन्ही संस्थांनी एका टेबलाशी बसायला हद्दवाढीची वाट पाहण्याची गरज नाही.

स्वच्छता मोहिमांनी प्लास्टिक निघतं, फोटोही चांगले येतात. गणपतीत मूर्तिदान करण्यातलं कोल्हापूरकरांचं शहाणपणही खरंच. पण ते वर्षातल्या काही दिवसांचं काम झालं. घरटी ड्रेनेज जोडणी, पंपांची देखभाल आणि पात्राच्या मोकळ्या कडा ही वर्षभराची. मतं मागायला येणाऱ्यांना विचारायचे प्रश्न हेच आहेत, आणि ते नगरसेवकाला विचारता येण्याइतके छोटे आहेत.

यंदा कळंबा भरेल तेव्हा सांडव्यावर जरूर जा, मुलांना न्या. मात्र घरी परतण्याआधी विल्सन पुलावर गाडी दोन मिनिटं थांबवा आणि मुलांना खालचं पाणी दाखवून सांगा, मघाशी पाहिलं ते हेच.