पैसा फंडाच्या गावातला अभ्यास

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुण्याकडून येणारी लोकल तळेगाव स्टेशनात थांबते. कारखान्यांतून परतणारे कामगार, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका आणि त्यांच्यातून वाट काढत दहा-पंधरा शाळकरी मुले उतरतात. मुलांच्या पाठीवर एकाच छापाची दप्तरे असतात, पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याशा क्लासने प्रवेशाबरोबर दिलेली. सकाळी सातला घराबाहेर पडलेले मूल आता घरी जाणार, चार घास खाणार आणि पुन्हा वही उघडून बसणार. कितवीत आहेस, असे विचारावे तर उत्तर येते, 'आठवीत.'

परवा याच फलाटावर आमच्या ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. मुलाला न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, 'सर, साठ मुलांची बॅच आहे. फी भरून बसलोय, आता बोलायचं काय? तुम्ही घेता तसा छोटा गट मिळाला असता, तर बरं झालं असतं.' मी गप्प राहिलो. कारण दोन वर्षे मी आठ मुलांचा एक गट घरच्या ओट्यावर घेतो आहे आणि नववे मूल म्हणून ज्याला नाही म्हटले, तो याच वहिनींचा मुलगा होता.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. परीक्षेची तयारी वाईट असते, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्याकडे निवृत्त शिक्षक जमले, की 'आमच्या वेळी कुठे होते क्लास' हे पालुपद सुरू होते. ते अर्धे खरे असते. आमच्या वेळीही शिष्यवृत्तीच्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून घेणारे गुरुजी होतेच. फरक इतकाच, की ते शाळेचे काम समजले जाई. आज त्याचा बाजार झाला आहे, आणि बाजारात जे विकले जाते त्यातले बरेचसे मुळात फुकट शिकवता येण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे.

हिशेबच मांडून पाहू. शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात. एकात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आता ज्या मुलाला गणित येते, पण ७२ सेकंदांत प्रश्न नीट वाचून होत नाही, त्याला आणखी गणित शिकवून काय उपयोग? त्याला वाचायला शिकवले पाहिजे. 'यांपैकी कोणते विधान अयोग्य आहे' यातला 'अ' डोळ्यांतून निसटतो आणि हुशार पोरगे योग्य विधान शोधून, गोल काळा करून मोकळे होते. आमच्या ओट्यावरचा पहिला महिना केवळ असल्या शब्दांखाली रेघा मारण्यात जातो.

दुसरे काम चुकांच्या वहीचे. सराव पेपर सोडवला, की मिळालेले गुण आम्ही मोठ्याने वाचत नाही. चुका वाचतो. प्रत्येक चुकीपुढे मुलाने स्वतः लिहायचे, की ही चूक 'माहीत नव्हते' म्हणून झाली, 'वाचले नाही' म्हणून, 'घाई केली' म्हणून, की 'आकडेमोड चुकली' म्हणून. दोन महिन्यांनी ही वही उघडली, की मुलाला त्याचा त्यालाच शोध लागतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीत चाळीस चुकांपैकी 'माहीत नव्हते' अशा फक्त नऊ निघाल्या. तोवर घरचे तिला 'गणितात कच्ची' म्हणत होते.

तिसरे काम पुस्तक मिटण्याचे. धडा पुन्हा पुन्हा वाचला, की तो आल्यासारखा वाटतो. हे वाटणेच फसवे असते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटे झाले. आपल्या आजीला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. संध्याकाळी दिवा लागला, की ती पाढे म्हणून घ्यायची. पाटीवर बघून वाचलेले तिला चालत नसे.

चौथे काम म्हणजे आपल्याला आलेले दुसऱ्याला समजावून सांगणे. इथेच गटाचा खरा उपयोग होतो. अपूर्णांकांचा भागाकार मी तीनदा सांगूनही न समजलेल्या मुलाला शेजारची मुलगी भाकरीचे तुकडे करून एका मिनिटात सांगते. आणि सांगता सांगता तिचेही पक्के होते.

आता आठच मुले का, हा प्रश्न. याचेही उत्तर हिशेबात आहे. दीड तासाच्या बैठकीत आठ मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अकरा मिनिटे येतात. साठ मुले असतील तर दीड मिनिट. दीड मिनिटात मुलाचे उत्तर तपासता येते. उत्तर तसे का आले, हे विचारता येत नाही. मी मोह होऊन एकदा बारा मुले घेऊन पाहिली. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले, की मागच्या भिंतीला टेकलेल्या दोघांचा आवाज मी ऐकलेलाच नाही.

पण छोटा गट म्हणजे जादू नव्हे. आठ मुलांना ओळीने बसवून छडी घेऊन उभे राहिले, तर तो छोटा क्लासच होतो. आठ मुले निवडून घेतली, पुढे त्यांचे फोटो फलकावर लावले, तर ती जाहिरात होते. 'मर्यादित प्रवेश' ही पाटी लावून दुप्पट फी घेणारेही पाहिले आहेत. म्हणून गट किती मोठा, याइतकाच त्यात कोणाला घेतले हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

इथे मला एका मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. आंदर मावळातला मुलगा. वडील भातशेती करून जमेल तेव्हा एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणारे. पोरगा बुद्धिमत्तेचे प्रश्न बोटांवर सोडवायचा. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, आर्थिक दुर्बल घटकांसाठीची. सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. हा मुलगा त्या परीक्षेला बसलाच नाही. उत्पन्नाचा दाखला वडगावहून आणायचा होता. भातलावणीच्या दिवसांत बापाला एक खाडा परवडला नाही, नंतर शाळेत कोणी पुन्हा आठवण केली नाही आणि मुदत निघून गेली. दहावीनंतर तो गॅरेजमध्ये लागला. शिष्यवृत्ती मिळाली असती तर तो नक्की पुढे शिकला असता, असे छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण त्याची परीक्षा प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचलीच नाही, ही गोष्ट मला अजून बोचते. मला तेव्हा सारे कळत होते. आणि मी विचारले नव्हते.

म्हणून माझ्या गटात आता दोन नियम आहेत. आठपैकी चार जागा गावाबाहेरून येणाऱ्या मुलांच्या. आणि जूनमधला पहिला धडा गणिताचा नसून दाखल्यांचा. कोणता कागद, कुठे मिळतो, केव्हापर्यंत, हे मुलाने वहीत लिहून घरी नेऊन दाखवायचे. वहिनींच्या मुलाला नाही म्हटले ते या चार जागांमुळे. नियम बरोबर आहे, असे मला आजही वाटते. पण त्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता, हेही तितकेच खरे.

मग उपाय काय? गट मोठा करणे हा नव्हे. ओटे वाढवणे हा आहे.

या कामी तळेगावाने दुसरीकडे उदाहरण शोधायला जायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय याच गावात होते. परीक्षेपुरते शिक्षण नको, मातृभाषेतून आणि हाताला काम देणारे हवे, असा त्यांचा आग्रह. १९१० साली सरकारने ती शाळा बंद पाडली. त्याच काळात अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावात काचेचा कारखाना निघाला. कारखान्याची मिळकत हा त्यातला लहान भाग. तिथे काचकाम शिकलेली माणसे देशभर गेली, हा मोठा भाग. एका पैशात काच होत नाही. पण एकेक पैसा देणारे पुष्कळ झाले, की भट्टी पेटते.

आज पैसा गोळा करायची गरज नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ गोळा करायची आहे. आपल्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली आहेत. देवळांचे सभामंडप आहेत, वाचनालये आहेत, सुटल्यावर कुलूप लागणाऱ्या शाळा आहेत. यातला प्रत्येक जण आठ मुले सांभाळू शकतो.

शिक्षकांनाही यात घेता येईल का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २८वे कलम शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करते, आणि ते योग्यच आहे. पण शाळेच्याच इमारतीत, शाळेचे काम म्हणून, फी न घेता गट घेणे ही शिकवणी नव्हे. अर्थात त्यासाठी शिक्षकाच्या डोक्यावरची बाकीची कामे कमी करावी लागतील. ते न करता आणखी एक ओझे लादले, तर गट फक्त रजिस्टरात भरतील. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची हमी देऊ नये, असे त्यात आहे. सूचना चांगल्या आहेत. पण क्लासचे दार बंद करताना दुसरे दार उघडले नाही, तर आईबाप खिडकीतून मूल आत सोडतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो आणि फुकटच्या गोष्टीची किंमत करत नाही. ही शंका मला अनेकांनी बोलून दाखवली. मुले येणार नाहीत, आली तर टिकणार नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. आपण आलो नाही तर सात जणांना कळेल, एवढी जाणीव मुलाला पुरते. साठांच्या वर्गात न येणे कोणाच्या लक्षात येत नाही. आठांत रिकामी जागा दिसते.

क्लासला मूल घालणाऱ्या पालकांनीही दोनच प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाच्या चुका कोण वाचतो? आणि गेल्या आठवड्यात त्याला कोणी काही विचारले का? उत्तर मिळाले तर फी सार्थकी लागली. मिळाले नाही तर दप्तर तेवढे नवे मिळाले.

परवा मी वहिनींना निरोप पाठवला. आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. आकडेमोडीत तरबेज, पण 'मला शिकवता येत नाही हो' असे म्हणणारे. गेले तीन शनिवार ते माझ्या ओट्यावर नुसते येऊन बसले, मुलांच्या चुका वाचत राहिले. आता पुढच्या शनिवारपासून त्यांच्या अंगणात दुसरा गट सुरू होतो आहे. पाच मुले ठरली आहेत, त्यांत वहिनींचा मुलगा आहे.

तीन जागा अजून रिकाम्या आहेत. त्या गावाबाहेरच्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. शेवटच्या एसटीच्या आधी सोडायचे, एवढीच अट.