०७ म्हणजे पुरावा नव्हे

अमरावती ०७२१, नागपूर ०७१२, अकोला ०७२४, चंद्रपूर ०७१७२. आता सीमेपलीकडे बघा: भोपाळ ०७५५, इंदूर ०७३१, जबलपूर ०७६१. उरलेला महाराष्ट्र मात्र ०२ वर: पुणे ०२०, कोल्हापूर ०२३१, नांदेड ०२४६२.

एसटीडी कोडचा हा तक्ता दर काही महिन्यांनी कुणीतरी ग्रुपवर टाकतं. पुण्यातले मित्र म्हणतात, "तुम्ही मुळात एमपीवालेच." आमच्या अमरावतीकडचे म्हणतात, "बघ भाऊ, टेलिफोन खात्यानंही विदर्भ वेगळाच धरला." मला दोघांचाही सारखाच वैताग येतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एसटीडी कोड हा राउटिंगचा प्रीफिक्स आहे. पहिले आकडे वाचून एक्स्चेंजनं कॉल कुठल्या दिशेला ढकलायचा, एवढंच त्यातून ठरतं. त्यात अस्मिता शोधणं म्हणजे आयपी ॲड्रेसवरून गोत्र विचारणं.

आणि पुरावाच मानायचा तर सगळीकडे माना. गोव्याचा कोड ०८३२, बेळगावचा ०८३१, हुबळीचा ०८३६. मग गोवा कर्नाटकात टाकायचा? मोबाइलच्या नकाशात तोच गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो, आणि मुंबईचं सर्कल महाराष्ट्रापासून वेगळं आहे. या हिशोबानं मुंबई महाराष्ट्राची नाही, असं त्याच ग्रुपवर लिहून दाखवा बरं. पिनकोडचं तर विचारूच नका, तिथे मुंबई, नागपूर आणि भोपाळ तिघंही ४ खाली सुखानं नांदतात.

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हे खरं. पण ते सांगायला फोनची डिरेक्टरी लागत नाही. १९५३ चा नागपूर करार काढा. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, नागपुरात अधिवेशन असं त्यात कबूल केलं होतं. त्यातलं अधिवेशन तेवढं बहुतेक वर्षी होतं. आमदार थंडीत येतात, संत्री घेऊन परत जातात. बाकीच्याचं काय झालं ते १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात आहे. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, प्रत्येक क्षेत्रातला अनुशेष तिथे मोजून ठेवलाय.

वेगळं राज्य हवं की नको, यावर आमच्या घरातच एकमत नाही. पण अनुशेषाबद्दल कुणाचंच दुमत नाही. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची तक्रार पाण्याची आहे. ती आपण फोनच्या आकड्यांवर आणून ठेवली की समोरच्याला ती हसण्यावारी नेणं सोपं जातं, आणि तो नेतोच. ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर दांडेकर अहवालातलं सिंचनाचं एक पान टाका.