मैदान आहे, तालीम कुठे?

एखादी वास्तू डोळ्यांसमोरून नाहीशी होईपर्यंत तिची आठवण काढायची नाही, असा आपल्या समाजाचा जणू रिवाजच होऊन बसला आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच जळाला, छप्पर कोसळले, आसने भस्मसात झाली. दगडी भिंती तेवढ्या काळवंडून उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्या दिवशी त्यांच्या नावाने हार वाहायचा, त्या दिवशी करवीरनगरीने त्यांच्या नावाच्या वास्तूची राख पाहिली. नट, गायक, पडद्यामागचे कामगार यांच्या डोळ्यांत पाणी आले; आणि कित्येक वर्षांत ज्यांनी नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती, अशीही पुष्कळ माणसे हळहळली.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. नाट्यगृह होते तसे पुन्हा उभे करू, असे आश्वासन मिळाले. शासनाने निधी जाहीर केला. पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. याबद्दल समाधानच मानले पाहिजे. परंतु प्रस्तुत लेखात मला एक वेगळाच प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे. वास्तू उभी राहील; पण ती उभी राहिल्यावर एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी तिच्या रंगमंचावर कोण उभे असेल? या प्रश्नाचे उत्तर 'कोणीच नाही' असे असेल, तर आपण एक देखणी कुलूपबंद इमारत बांधली, एवढेच म्हणता येईल.

या वास्तूच्या जन्माची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि तसे कुस्त्यांचे मैदान आपल्या कोल्हापुरात असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. खासबागेचे मैदान त्यातून उभे राहिले. त्याला लागूनच ९ ऑक्टोबर १९१३ रोजी नाट्यगृहाचे काम सुरू झाले व १४ ऑक्टोबर १९१५ रोजी ते पूर्ण झाले. तेव्हा त्याचे नाव 'पॅलेस थिएटर' असे होते. केशवराव भोसल्यांचे नाव त्याला १९५७ साली देण्यात आले.

कुस्तीचे मैदान आणि नाट्यगृह यांचे हे शेजारपण मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या भाषेने दोघांसाठी एकच शब्द राखून ठेवला आहे. पैलवान मेहनत करतो ती तालीम, आणि नट भूमिका घोटतो तीही तालीमच! कोल्हापुरात तर पेठेपेठेत तालीम आहे. इथल्या फुटबॉलच्या संघांनासुद्धा तालमींची नावे आहेत. खासबागेत कुस्ती मारणारा पैलवान त्या दिवशी प्रथमच लाल मातीत उतरतो, असे कधी झाले आहे काय? वर्षानुवर्षे पहाटे उठून तो जोर-बैठका काढतो, आखाड्याची माती अंगाला लावतो, वस्तादाच्या शिव्या खातो आणि मग एक दिवस मैदानात उभा राहतो. मैदान ही त्याच्या कष्टाची शेवटची पायरी असते.

आता नाटकवाल्या विद्यार्थ्याकडे पाहा. गेल्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी एकांकिका बसवली. आमची तालीम एका वर्गात चाले. बाके भिंतीला लावायची, खडूने फरशीवर रंगमंचाच्या रेषा आखायच्या, दाराला एक विंग समजायचे आणि खिडकीला दुसरी. साडेसहा वाजले की शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवीत दारात उभे! त्यांचाही दोष नाही. त्यांना घर होते. प्रयोगासाठी आम्ही शहरातले एक सभागृह भाड्याने घेतले, तेव्हा प्रत्यक्ष रंगमंचावर आम्हाला मिळाला अवघा सव्वा तास. त्यात नेपथ्य लावायचे, लेव्हल ठेवायच्या, प्रकाशयोजना ठरवायची आणि जमली तर रंगीत तालीमही उरकायची. ज्या मुलीने दोन महिने उत्तम काम केले होते, तिचा आवाज प्रयोगात पाचव्या रांगेच्या पुढे गेला नाही. तिला आवाज नव्हता असे नव्हे. एवढ्या मोठ्या जागेत आवाज कसा टाकायचा, हे शिकायला तिला तशी जागाच कधी मिळाली नव्हती.

हा एकट्या आमच्या गटाचा अनुभव नसावा. महाविद्यालयीन आणि हौशी नाटकवाल्यांपैकी ज्यांच्या ज्यांच्याशी मी बोललो, त्या सर्वांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. पैलवानाला तालीम आहे म्हणून मैदानाला अर्थ आहे. नटाला मात्र आपण मैदान बांधून देतो आणि तालीम त्याने कुठे करायची हे विचारीत नाही.

पूर्वी ही तालीम कुठे होत असे? नाटक कंपनीत. केशवरावांचेच उदाहरण घ्या. १८९० साली एका गरीब घरात जन्मलेला हा मुलगा अगदी लहान वयात स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. शाळेची पायरी त्याला फारशी लाभली नाही. कंपनी हीच त्याची शाळा. देवलांच्या 'शारदा' नाटकातील त्याच्या शारदेने मोठमोठ्यांना वेड लावले. पुढे १९०८ साली, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्याने हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या 'मानापमान'चा जो संयुक्त प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले ते हेच केशवराव. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या दोन कंपन्या त्या दिवशी एका रंगमंचावर आल्या. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. एवढ्याशा आयुष्यात एवढे कार्य घडले, त्यामागे दैवी देणगी होती हे खरेच. पण त्या देणगीला रोज घासूनपुसून लखलखीत ठेवणारी कंपनीची तालीमही होती. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवणारा गळा एका रात्रीत तयार होत नाही.

कंपनीत तालीम केवळ नटांची होत नसे. केशवरावांच्याच वयाचे, १८९० सालीच जन्मलेले, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपले बंधू आनंदराव यांच्यासह नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पडदे रंगवणाऱ्या त्या हातांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात'चा जन्म झाला. नाटकाच्या पडद्यापासून चित्रपटाच्या पडद्यापर्यंतचा हा प्रवास कोणत्या अभ्यासक्रमात छापलेला नव्हता. रंगशाळेत रोज वावरता वावरता, थोरांचे हात पाहता पाहता, ती विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेली.

नाटक कंपन्यांचा तो काळ गेला, आणि तो परत आणा असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. त्या काळात स्त्रियांना रंगमंचावर जागा नव्हती. कंपनीत वाढणाऱ्या मुलांचे हालही कमी होत नसत. परंतु कंपनी गेल्यावर तिचे शिकवण्याचे काम कोणी करायचे, याचा विचार व्हायला हवा होता, तो झाला नाही. आज गावोगावच्या नाट्यगृहांत मुंबई-पुण्याची नाटके येतात, एक प्रयोग करतात आणि रात्रीच पुढच्या गावाला जातात. त्यांच्यामागोमाग लग्नाच्या गाण्यांचे वाद्यवृंद, सत्कार-समारंभ, शाळांची स्नेहसंमेलने. हे सारे व्हावे. त्यातून भाडे मिळते आणि भाड्याशिवाय विजेचे बिल भागत नाही. पण एवढ्यावरच नाट्यगृह थांबले तर ते आणि मंगल कार्यालय यांत फरक काय राहिला?

'होते तसे उभे करू' या घोषणेविषयीही थोडे बोलायला हवे. होते तसे म्हणजे कधी होते तसे? १९१५ साली होते तसे, की १९५७ साली होते तसे, की आगीच्या आदल्या दिवशी होते तसे? दगड, कमानी, दर्शनी भाग हे जपलेच पाहिजे. तो इतिहास आहे. लाकूड, कापड आणि वीज यांची जिथे गाठ पडते तिथे आगीपासून संरक्षणाची अद्ययावत व्यवस्था असली पाहिजे, याबद्दलही दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ही वास्तू उभारणाऱ्या राजाने तिच्या भिंतींबरोबर एक वृत्तीही उभी केली होती. कुस्ती असो, गाणे असो वा नाटक असो, गुण दिसला की त्याला आश्रय द्यायचा, ही ती वृत्ती. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई त्यांच्या दरबारी होता, तो त्यामुळेच. होते तसे काही आणायचेच असेल, तर सर्वप्रथम ही वृत्ती परत आणली पाहिजे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. नाट्यगृह महानगरपालिकेचे आहे, म्हणजेच ते नागरिकांचे आहे. आठवड्यातून किमान दोन सकाळी हा रंगमंच महाविद्यालयीन व हौशी संघांना तालमीसाठी नाममात्र शुल्कात खुला असावा. सकाळच्या वेळी व्यावसायिक प्रयोग बहुधा नसतात, त्यामुळे उत्पन्न बुडण्याचीही भीती नाही. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य व रंगभूषा यांचे जाणकार कामगार याच शहरात आहेत. सुट्टीत त्यांनी दहा-वीस मुलांना हाताशी धरून शिकवावे आणि त्यांना त्याचे योग्य मानधन मिळावे. जुन्या जाहिराती, हस्तपत्रके, छायाचित्रे, तिकिटे घरोघरी ट्रंकांमध्ये पडून आहेत. त्यांच्यासाठी एक खोली राखून ठेवावी. आणि महिन्याच्या कार्यक्रमांचे एक पत्रक प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागावे. नाट्यगृहात काय चालले आहे ही बातमी गावाला रोज कळली पाहिजे. ते जळाले हीच त्याची सर्वांत मोठी बातमी ठरावी, यासारखे दुर्दैव नाही.

यावर काही आक्षेप येतील. मुले वस्तूंची मोडतोड करतील, असे म्हटले जाईल. अनामत रक्कम घ्या, जबाबदार प्राध्यापकाची सही घ्या. त्यावरही मोडतोड झाली तर भरपाई घ्या. मैदानात पैलवानाचा पाय पडला म्हणून कोणी मैदान बंद ठेवत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो आपल्या पिढीवर आहे. तुम्हा मुलांना नाटक हवे आहे कुठे? चित्रवाणीवरचा ओळखीचा चेहरा असेल तरच तुम्ही येता, आणि तेही फुकट पास मिळाला तर! मित्रहो, या आक्षेपात तथ्य आहे हे नाकारता येणार नाही. आपल्याच महाविद्यालयाच्या एकांकिकेला प्रेक्षकांत बहुतेक करून भूमिका करणाऱ्यांचे मित्र आणि नातेवाईक असतात. पण कुस्ती पाहायला खासबागेत गर्दी का होते? पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी कधी तरी स्वतः आखाड्यात पाठ टेकवलेली असते. त्यांना डाव कळतो, म्हणून रंग चढतो. ज्याने एकदा तरी रंगमंचावर उभे राहून प्रकाशाचा झोत डोळ्यांवर घेतला आहे, त्याला दुसऱ्याच्या नाटकातला डाव कळेल. नाटक करणारे वाढले की पाहणारे आपोआप वाढतील, अशी माझी श्रद्धा आहे.

आपल्या गुरुजनवर्गालाही एक नम्र विनंती करावीशी वाटते. मराठीच्या तासाला आपण नाटक वाचतो. त्याचे कथानक, स्वभावरेखा, संवाद यांवर टिपणे काढतो आणि परीक्षेत ती उतरवतो. अभ्यासाला लावलेल्या नाटकाचा एक तरी प्रवेश वर्षातून एकदा खऱ्या रंगमंचावर उभा करून पाहिला, तर दहा टिपणांचे काम होईल. पाच-सहा महाविद्यालयांनी एकत्र येऊन महानगरपालिकेकडे तालमीच्या सकाळींची मागणी केली, तर ती डावलणे कोणालाही सोपे जाणार नाही. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याचा अर्ज टेबलावरच्या ढिगाऱ्यात जातो. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज निदान वाचला तरी जातो.

विद्यार्थ्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. नाट्यगृहाचे दार उघडेल त्या महिन्यात प्रत्येकाने खिशातले पैसे खर्चून एक तिकीट काढावे. चहा आणि मिसळ यांत जेवढे जातात त्याहून ते फार जास्त असणार नाहीत. आणि तालमीची पहिली सकाळ मिळालीच, तर वेळेवर हजर राहावे, रंगमंचावर चपला घालून चढू नये आणि जाताना झाडून निघावे. वस्तादाच्या तालमीत हे कोणाला सांगावे लागत नाही.

ज्या दगडी भिंती त्या रात्री आगीत टिकल्या, त्या शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाच्या आज्ञेने उभ्या राहिल्या होत्या. आता आज्ञा देणारा राजा नाही; अर्ज करणारे नागरिक आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्या वयाचे आहेत. तेव्हा अर्ज लिहायला घेऊ या.

(तृतीय वर्ष, कला)