परमुलखातला गणपती आणि दारातली होळी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

परदेशी गेलेली आपली माणसे तिकडे गणपती बसवतात, दिवाळीचा फराळ करतात, हे वाचले की आपली छाती अभिमानाने फुगते. ‘सातासमुद्रापलीकडे गेले, पण संस्कृती सोडली नाही!’ असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. या कौतुकात गैर काही नाही. परंतु परक्या मुलखात सण जगतो तो कशाच्या बळावर, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. तिथी मंगळवारी आली तरी तिकडचा कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी होतो. कुणी याला हसतात. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या देशाच्या पंचांगात आपला सणच नाही, तेथे माणसाने दुसरे काय करावे? तरी ही मंडळी बहुतांशी शिकलेली आणि चांगल्या नोकरीतली. त्यांच्या कितीतरी आधी मराठी माणूस समुद्र ओलांडून गेला, तो मजूर म्हणून. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणूनच असेल, पण मला त्या मजुराची कथा अधिक जवळची वाटते.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसे कमी पडू लागली. तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे तेथे उतरली. पोर्ट लुईमधील ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. या मजुरांत बिहारकडचे लोक पुष्कळ, तमिळ आणि तेलुगूही होते, आणि थोडे आपल्या कोकणातले होते.

या कोकणी मजुरांपाशी ना पैसा होता, ना अक्षरओळख. पण त्यांनी गणपती नेला. हेन्रिएटा या गावी १८९६ साली पहिली गणेशचतुर्थी झाली, असे तेथील मराठी लोक सांगतात. कोकणातले जाखडी नृत्य तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही नाचले जाते. घरात बोलायची भाषा बहुतेकांची क्रिओल झाली आहे. मराठी उरली ती शाळेतल्या तासाला आणि आरतीत. तरी गणपती टिकला. किंबहुना आज गणेशचतुर्थीला त्या संबंध देशाला सार्वजनिक सुट्टी असते!

मित्रहो, मला या सुट्टीचे मोल फार वाटते. त्या देशात मराठी भाषक मूठभर. त्यांच्यावाचून सरकारचे काही अडणार नाही. तरीही गणेशचतुर्थीला सुट्टी आहे, तशीच तेलुगूंच्या उगादीला, तमिळांच्या कावडीला, ईदला, चिनी नववर्षाला आणि नाताळलाही. म्हणजे परमुलखात सण दोन गोष्टींवर जगतो : एक, सण करणाऱ्याची चिकाटी, आणि दुसरी, शेजाऱ्याने दिलेली जागा. पहिलीचे गोडवे आपण गातो, दुसरीचा मात्र आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

हा विसर कुठे दिसतो? आपल्या बडनेऱ्यातच. धारणी-चिखलदऱ्याकडचे कोरकू बांधव मजुरीसाठी मेळघाट उतरून येतात. जिल्हा एकच, पण भाषा वेगळी, देवही वेगळे. या गावात ते परदेशीच. त्यांचा सर्वांत मोठा सण होळी. जेथे असतील तेथून ते होळीला गावी परततात. चार-पाच दिवस नाच-गाणे चालते, फगवा मागितला जातो. गेल्या वर्षी मी सुट्टीच्या दिवशी एका बांधकामावर हजेरी लिहायला जात असे. होळीच्या तोंडावर मजुरांनी सुट्टी आणि साचलेली मजुरी मागितली. ठेकेदार म्हणाला, “होळी काय पाच दिवस राह्यते का रे? एक दिवस जा अन् परत या, मंग हिशेब करू.” मजूर गेले, पण अर्धे पैसे अडकवून गेले. त्याच ठेकेदाराचे नाव गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या फलकावर सर्वांत वर होते.

कुणी म्हणेल, ‘बाहेरून आलेल्याने इथल्यासारखे व्हावे, आपले वेगळे सण कशाला मिरवावेत?’ मग मॉरिशसच्या मळेवाल्याने आपल्या माणसांना हेच सांगितले असते, तर आपल्याला चालले असते काय? गणपती करणारा मॉरिशसचा मराठी माणूस काही कमी मॉरिशियन ठरला नाही. सण राखल्याने माणूस नव्या मातीशी बेइमान होत नाही. उलट, आपला सण जिथे मानाने करता येतो ती माती त्याला आपली वाटू लागते.

आपण विद्यार्थी फार मोठे काही करू शकणार नाही. पण आपल्या वर्गात मेळघाटातून आलेले मित्र आहेत. होळीच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा ठेवू नये, एवढी विनंती आपण प्राध्यापकांना खचित करू शकतो. या वार्षिकांकाची दोन पाने कोरकू गाण्यांना आणि गोष्टींना द्यावीत, असे संपादक मंडळाला सांगू शकतो. आणि फगवा मागायला कुणी दारात आले तर ‘भीक’ न म्हणता ‘सण’ म्हणून काही हातावर ठेवू शकतो.

परदेशातील आपल्या गणपतीचे कौतुक जरूर करावे. पण ते करण्याचा अधिकार दारातल्या परक्याच्या होळीला जागा देऊनच मिळवावा, असे मला वाटते.