सडा पडीक नाही!

माझ्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका माझ्या हातात ठेवली. राजापूरकडे तेलशुद्धीकरणाचा कारखाना, म्हणजे आपल्या बोलीतली रिफायनरी, का यावा याचे तीत वर्णन होते. पहिल्या पानांत जागेचे गुण: समुद्र जवळ, महामार्ग जवळ, कोकण रेल्वे जवळ आणि जमीन 'बहुतांश पडीक'. शेवटच्या पानावर 'परिसरातील प्रेक्षणीय स्थळे'. विजयदुर्ग, राजापूरची गंगा, धूतपापेश्वर, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. एकेका ओळीत एकेक देव उरकलेला.

मला राग आला तो या शेवटच्या पानाचा. कारखान्याची जागा निराळी आणि भोवतालची प्रेक्षणीय स्थळे निराळी, ही वाटणी कुणी केली? जी जमीन पुस्तिकेच्या आरंभी पडीक म्हणून निकालात काढली, तीच त्या मुलखातली सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. आणि कबूल करायला हवे की पुष्कळ वर्षे मलाही ठाऊक नव्हते.

१९९६ साली मी नवखा इतिहास शिक्षक होतो. शाळेची सहल घेऊन आंबोली घाटाने राजापूरला गेलो. दुपारी एका सड्यावर बस थांबवली, पोरांना पत्रावळींवर दशमी आणि चटणी वाढली, नंतर तिथेच क्रिकेट झाले. काळाकरडा कातळ, मैलभर झाड नाही. "इथे काही नाही, चला," असे मी मुलांना म्हणालो. पुढे पंचवीसेक वर्षांनी कशेळीच्या सड्यावर उभा राहून तो कोरलेला हत्ती पाहिला तेव्हा माझेच वाक्य माझ्या कानांत वाजले. सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरे यांची गर्दी. सगळे आडव्या कातळावर. उभे राहून समोर बघाल तर काहीच दिसत नाही, मान खाली घालावी लागते.

ही कातळशिल्पे अभ्यासक दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. त्यांत गेंडा आहे, जो कोकणातून केव्हाच नाहीसा झाला. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी पायपीट करून, गुराख्यांना विचारून विचारून ही चित्रे नकाशावर आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जी नऊ ठिकाणे गेली, त्यांत बारसू आहे, कशेळी आहे, देवाचे गोठणे आहे. आपल्या गोमंतकातले कुशावती नदीकाठचे ठिकाणही आहे. तिथली चित्रेसुद्धा १९९३ साली गावकऱ्यांनी दाखवली तेव्हाच विद्वानांना दिसली. गावकरी ती आधीपासून पाहत होते!

आता जागेची कथा ऐका. २०१७ साली नाणार परिसरात, विजयदुर्गाच्या खाडीकाठी, रिफायनरी ठरली. वर्षाला सहा कोटी टन तेल, तीन लाख कोटी रुपये. लोक उठले, मार्च २०१९ मध्ये जागा रद्द झाली. नाणारला विरोध करणाऱ्या पक्षाच्याच मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. पुढे त्याच पक्षाने बारसूलाही विरोध केला, आणि दुसऱ्यांनी उचलून धरले. कोणत्या पक्षाला दोष द्यावा हे वाचकांनी आपापल्या मतपेटीपाशी ठरवावे. माझे म्हणणे एवढेच की नाणार काय, बारसू काय, दोन्ही वेळा नकाशावर बोट ठेवले ते 'इथे काही नाही' या समजुतीने. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रे आली आणि बायका रणरणत्या उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. काही नसलेल्या जागेसाठी कोण आडवे पडते?

आपण सीमाभागातली माणसे. दूर बसलेल्या कुणी नकाशावर रेघ ओढली की खालच्या घरांत काय होते, हे १९५६ पासून आपल्याला कुणी शिकवायला नको.

महसुली उताऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द सर्वांनी पाहिला असेल. ज्यातून सारा येत नाही ते खराब! पण सडा ही खालच्या गावाची पाण्याची टाकी आहे. जांभा दगड पाऊस पितो, आणि तेच पाणी पायथ्याच्या झऱ्याविहिरींना पुरवतो. श्रावणात याच कातळावर सीतेच्या आसवांचे निळेजांभळे गालिचे पसरतात, गुरे चरतात, खोलगट जागी भात आणि नाचणी होते. हापूसची कलमे तर कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून लावलेली. हे सगळे 'पडीक' या तीन अक्षरांत बसवायचे म्हणजे मुलाने परीक्षेत एक प्रश्न सोडला म्हणून साऱ्या उत्तरपत्रिकेवर शून्य देण्यासारखे आहे.

माझे स्नेही म्हणाले, "सर, दगडावरच्या रेघोट्यांसाठी पोरांच्या पोटावर पाय आणता का?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. राजापूर-लांज्याची पोरे मुंबईला जातात, गोव्यात कारखान्यांत राबतात, आणि गावात कुलूपबंद घरे उरतात. मीही स्कूटरवर फिरतो, घरात गॅसची शेगडी आहे. रिफायनरी कुठेच नको असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण एवढ्या अवाढव्य कारखान्यात पैसा जितका लागतो तितकी माणसे लागत नाहीत, आणि जी लागतात त्यांतली किती राजापूरची असतील? दाभोळला गॅस-विजेच्या प्रकल्पाने नव्वदच्या दशकात कोकणाला केवढी स्वप्ने दाखवली, आणि २००१ मध्ये तो बंद पडला. हे आपण इतक्यात विसरलो?

ग्वाल्हेर-इंदूरच्या आपल्या मंडळींना मथुरेची गोष्ट आठवेल. १९८२ मध्ये तिथे वर्षाला साठ लाख टनांची रिफायनरी सुरू झाली. नाणारची योजना तिच्या दहापट होती, हे ध्यानात घ्या. ताजमहाल चाळीसेक किलोमीटरवर. रिफायनरी सुरू होण्याआधीच वरदराजन समिती नेमली गेली, १९८४ मध्ये एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने त्या टापूतल्या २९२ उद्योगांना कोळसा सोडा नाहीतर जागा सोडा असे बजावले. ताजसाठी हे घडले, कारण ताज दिसतो. पांढरा संगमरवर आहे, बादशहाचे नाव आहे, तिकीटखिडकी आहे. बारसूच्या माणसाला नाव नाही, त्याच्या वाघांना कुंपण नाही. म्हणून काय त्यांचे मोल कमी?

काही शहाणे सुचवतात की शिल्पांभोवती कुंपण घालू, मधली जागा सोडू, बाकीची वापरू. यांनी सडा पाहिलेलाच नाही. चित्रे म्हणजे देव्हाऱ्यातल्या मूर्ती नव्हेत, उचलून दुसरीकडे ठेवायला. सापडली ती मोजली. मातीखाली, गवताखाली किती आहेत ते कोण सांगणार? पुढची जागा शोधणाऱ्यांनी आधी एका पावसाळ्यात गुराख्याबरोबर सडा पायी फिरावा आणि मग नकाशा उघडावा, ही माझी मागणी आहे. तीही फार नाही.

आमच्या शाळेची सहल यंदा जानेवारीत त्या बाजूला जायची आहे. परवानगीच्या अर्जात 'भेट देण्याची स्थळे' या रकान्यात मी विजयदुर्गाखाली 'बारसूचा सडा' असे लिहिले. कचेरीतून कारकुनाचा फोन आला, "अल्लि एनैत्रि सर?" तिथे काय आहे? मी अर्धा तास बोलत होतो. ऐकून घेऊन तो म्हणाला, माझ्या मुलीचेही नाव यादीत घाला.