एका संध्याकाळचा अधिकार

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या जीवनात नृत्यसमारंभांना मानाचे स्थान आहे. मुलाने मुलीला निमंत्रण द्यावे आणि तिने ते स्वीकारावे, हा तेथील जुना संकेत. वर्षातून एका समारंभापुरता मात्र तो उलटतो आणि मुलगी मुलाला निमंत्रित करते. याला ‘सेडी हॉकिन्स डान्स’ म्हणतात. वॉशिंग्टन राज्यात त्यालाच ‘टोलो’ असे नाव आहे.

वरकरणी ही स्त्रीस्वातंत्र्याची खूण वाटते. मूळ मात्र वेगळेच आहे. व्यंगचित्रकार अल कॅप यांच्या ‘लिल ॲबनर’ या चित्रमालिकेत नोव्हेंबर १९३७ मध्ये सेडी हॉकिन्स अवतरली. कुरूप म्हणून पस्तिशीपर्यंत लग्न न जमलेली ही मुलगी. तिचा बाप गावातील अविवाहित पुरुषांना पळायला लावतो. सेडीने ज्याला पकडले, त्याने तिच्याशी लग्न करायचे! या विनोदाची अशी लाट आली की, १९३९ पर्यंत २०० हून अधिक महाविद्यालयांत ‘सेडी हॉकिन्स दिन’ साजरा होऊ लागला.

ज्या प्रथेला समानतेचे प्रतीक मानले गेले, तिचा जन्म एका अविवाहितेच्या थट्टेतून झाला. शिवाय एका संध्याकाळी अधिकार बहाल करणे म्हणजे उरलेले वर्षभर तो नव्हता, याची कबुलीच नव्हे काय?

न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात हा प्रश्न केवळ चर्चेचा राहत नाही. सोळा वर्षांची मुलगी एके दिवशी विचारते, “आई, मी त्याला विचारू का?” अशा वेळी दोन सोपे मार्ग दिसतात. एक, डोळे वटारून नकार देणे. त्यातून मुलगी खोटे बोलायला शिकते. दुसरा, ‘इथे असेच चालते’ म्हणून मान डोलावणे. त्यातून ती एकटी पडते. दोन्ही मार्गांनी पालक आपले कर्तव्य टाळतात.

वास्तविक मुलीने पुढाकार घेणे आपल्या परंपरेला परके नाही. अश्वपती राजाने सावित्रीला स्वतःच वर शोधण्यास सांगितले. सत्यवानाचे आयुष्य वर्षभराचेच आहे, हे नारदांकडून कळल्यावरही ती निश्चयापासून ढळली नाही. रुक्मिणीने तर ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला निरोप धाडला. भेद निवडीच्या अधिकारात नाही, तिच्या गांभीर्यात आहे. तेथे निवडीबरोबर आयुष्यभराची जबाबदारी येत असे. येथे निवड संध्याकाळी सुरू होते आणि दिवे मालवताच संपते.

परंतु पाश्चात्त्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपणही आरशात पाहावे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचे मत आजही अनेक घरांत सर्वांत शेवटी विचारले जाते. सावित्रीचे व्रत आपण श्रद्धेने जपले; तिच्या पित्याचा विश्वास मात्र विसरलो.

तो विश्वास ज्या घरात जागा आहे, तेथील मुलगी नृत्याला जावो वा न जावो, आपला निर्णय आईवडिलांपासून लपवणार नाही. संस्कार बंदीने टिकत नाहीत. ते संवादाने रुजतात. एका संध्याकाळचा अधिकार शाळा देऊ शकते. आयुष्यभर पुरणारा विवेक मात्र घरानेच द्यावा लागतो.