स्टाईलच्या बटणाला मूठमाती द्या

अफजलपूर, इंडी, दुधनी, अक्कलकोट या पट्ट्यात तुरीचे पैसे हातात आले की एखाद्या घरात पोरगं हट्ट धरून बसतं: मला म्युझिक करायचंय, कीबोर्ड घेऊन द्या. मोबाईलवर त्यानं रात्र रात्र इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकलेलं असतं. बाप त्याला घेऊन कलबुर्गीला जातो, नाहीतर सोलापूरला. दुकानदार एकसष्ट पट्ट्यांचा भलामोठा कीबोर्ड काउंटरवर ठेवतो, ‘स्टाईल’चं एक बटण दाबतो आणि तबला, ढोलक, बास, गिटार सगळं आपोआप वाजायला लागतं. डाव्या हाताची तीन बोटं टेकवली की अख्खा ताफा सूर बदलतो. बाप खूश, पोरगं हरखलेलं, दुकानदाराचा गल्ला भरलेला. या व्यवहाराला मी फसवणूक म्हणतो.

पोरानं मागितलं एक आणि त्याच्या गळ्यात मारलं दुसरंच. जे मारलं तो अरेंजर कीबोर्ड. त्यात कंपनीनं ठेके, साथ आणि आवाज आधीच भरून ठेवलेले असतात, वाजवणाऱ्यानं त्यातून निवडायचं. पोराला हवा होता सिंथेसायझर, ज्यात आवाज मुळापासून घडवायचा असतो. दोन्हींना पट्ट्या असतात, दोन्हींवर बहुधा जपानी कंपनीचं नाव असतं, आणि आमच्याकडे दोन्ही ‘कॅसिओ’च म्हणून ओळखले जातात. या गोंधळाचं लोणी दुकानं वर्षानुवर्षं खात आली आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका पोरानं असाच एक कीबोर्ड आणला. ‘प्रोफेशनल सिंथ आहे, यात सगळं आहे,’ असं सांगून तो त्याला विकला होता. तो म्हणाला, “सर, ह्यो आवाज सुरवातीला दबलेला पायजे आणि मग हळूहळू उघडत गेला पायजे. कुठनं करायचं?” त्या अख्ख्या यंत्रावर फिरवायला एकच खुंटी होती, आवाज लहान-मोठा करायची. प्रश्न अगदी बरोबर होता. यंत्राकडे उत्तर नव्हतं, आणि विकणाऱ्याला तर प्रश्नच माहीत नव्हता.

अरेंजर वाईट आहे असं मी म्हणत नाही. घत्तरगीच्या भाग्यवंतीच्या जत्रेत रात्रभर कार्यक्रम करणाऱ्या, लग्नात चाळीस गाणी सलग वाजवणाऱ्या, भजनी मंडळात एकट्यानं साथ धरणाऱ्या माणसाला तो हवाच. त्याचं पोट त्यावर आहे आणि त्या वाद्याचा त्याला खरा उपयोग आहे. यामाहा आणि कॅसिओ या दोन्ही कंपन्यांनी खास भारतासाठी तबला-तानपुरा घातलेले कीबोर्ड काढले ते अशा माणसांसाठी. पण ज्याला स्वतःचं संगीत रचायचं आहे, त्याच्या हातात पहिलंच वाद्य म्हणून तयार ठेक्यांची पेटी देणं म्हणजे त्याचे हात बांधणं. गाणगापूरच्या गल्ल्यांतून फिरून बघा. दुकानादुकानांतून दत्ताची नवी नवी गाणी वाजत असतात. गायक वेगळे, शब्द वेगळे, आणि खाली ठेका तोच, बास तोच, मध्येच येणारी बासरीही तीच. भक्तीत खोट नाही. पण तिच्याखालचा आवाज कुठल्यातरी कारखान्यात ठरलेला आहे, आणि तो ऐकून ऐकून आमच्या पोरांची अशी समजूत होते की संगीत म्हणजे योग्य स्टाईल नंबर शोधणं. ही मानसिक गुलामी आहे. तिला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

सिंथेसायझर काय करतो ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की दुकानात कुणी बनवू शकत नाही. आधी ऑसिलेटर एक कच्चा, कर्कश सूर काढतो. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी लहर घ्या, तिच्यात मूळ सुराबरोबर त्याचे सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. मग येतो फिल्टर. त्याची कटऑफ नावाची खुंटी डावीकडे पूर्ण बंद करा, आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा दबतो. आता एक सूर धरून ती खुंटी अगदी सावकाश उजवीकडे फिरवा. एकेक उपस्वर वर येतो, सूर उजळत जातो, शेवटी धार लागते. शेजारची रेझोनन्सची खुंटी वाढवलीत तर जिथं कटऑफ थांबला असेल तिथलाच उपस्वर शिट्टीसारखा उठतो. त्यानंतर एन्व्हलप. सूर झटक्यात उठावा की हळूहळू, पट्टी सोडल्यावर तुटावा की रेंगाळावा, हे तो ठरवतो. या तीन गोष्टी हाताला लागल्या की पोरगं आवाज घडवायला लागतं. माझ्याकडे कीबोर्ड घेऊन आलेल्या त्या पोराचा प्रश्न होता तो नेमका एन्व्हलपनं फिल्टर उघडण्याचा.

हे परक्यांचं शास्त्र आहे, आपल्याला कुठलं कळायला, असं म्हणणाऱ्यांना मी मिरजेला जायला सांगतो. तिथले कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा घासून जवारी काढतात, आणि तारेखाली दोरा सरकवत सरकवत ती जागा शोधतात जिथं उपस्वर मोकळे होतात. दोरा केसभर इकडे, आवाज बोळका. केसभर तिकडे, खुला. कुठले उपस्वर ऐकू यावेत आणि कुठले नाहीत, हे ठरवण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तानपुऱ्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूला भीमेकाठी पिकतात, आणि तीच भीमा खाली आमच्या तालुक्यातून वाहते. ज्याचा कान जवारी ओळखतो त्याला फिल्टर शिकवायला फार वेळ लागत नाही. आडवं येतं ते स्टाईलचं बटण. ते ऐकण्याची गरजच संपवून टाकतं.

‘यंत्राचं संगीत आपलं नव्हे’ ही दुसरी रड. पेटी फ्रान्समधून आली. तिच्यावर मींड घेता येत नाही, ती आपल्या श्रुतींना जुळत नाही, म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बाहेर ठेवलं. आज पेटीशिवाय कीर्तन उभं राहतं का? १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली जी बीन ऐकून लोक डोलले, ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर काढली होती. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला आणि तिथं भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. ‘आपलं नव्हे’ म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास तरी वाचावा.

आणि त्या इतिहासातलं चरणजीत सिंग हे नाव अफजलपूरच्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवं. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात साथ करणारे हे वादक. १९८२ मध्ये त्यांनी तीन यंत्रं एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी केली: रोलँडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हा बास वाजवणारा चिमुकला डबा. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तेव्हा ती कुणी फारशी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आली आणि जगभरचे जाणकार चकित झाले, कारण अ‍ॅसिड हाऊस म्हणून ज्या संगीताचा जन्म शिकागोत झाला असं मानतात, तसाच आवाज मुंबईत काही वर्षं आधीच उमटलेला होता. शिकागोतल्या फ्यूचर या गटाची या प्रकारातली प्रसिद्ध तबकडी १९८७ ची.

ज्युपिटर-८ महागडा होता, ५,२९५ डॉलरचा, हे मी लपवत नाही. पण चरणजीत सिंगांच्या त्या तबकडीवर लोकांचे कान टवकारले ते टीबी-३०३ मुळे, आणि तो ३९५ डॉलरचा होता. तोही बाजारात आपटलेला. बास गिटारवाला नसेल तर त्याची जागा घ्यावी म्हणून काढलेलं ते यंत्र बास गिटारसारखं वाजतच नव्हतं, म्हणून रोलँडनं १९८४ मध्ये ते बंद केलं आणि शिकागोच्या पोरांना ते जुन्या मालात स्वस्तात मिळालं. त्यांनी कटऑफच्या खुंट्या चालू सुरावर पिळल्या आणि एक नवा संगीतप्रकार उभा राहिला. ३०३ मध्ये स्लाईड नावाची सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. पेटीला जी मींड जमत नाही ती या टाकाऊ ठरलेल्या डब्याला येते. स्वस्त वाद्यानं काही होत नाही, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं आधी या डब्याचा हिशोब द्यावा.

आता घ्यायचं काय? पहिलं उत्तर दुकानदारांना आवडणार नाही: घरात जुना लॅपटॉप असेल तर काहीच घेऊ नका. सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर फुकट आहे, २०१८ पासून त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे. व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट, आणि डेक्स्ड तर यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ ची फुकट प्रतिकृती. वर पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता लॅपटॉपला सूर कळवणारा) आणि बरे हेडफोन घेतले की भागलं. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर एएसआयओ फॉर ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर घाला, पण लॅपटॉप बदलायला धावू नका. आणि ती चोरीची सॉफ्टवेअरं पेनड्राईव्हवरून वाटणं बंद करा. फुकटात इतकं चांगलं हक्कानं मिळत असताना चोरीचं आणि वर व्हायरसनं भरलेलं वापरणं हा शुद्ध निर्लज्जपणा आहे, आणि त्याचा बचाव करणारी मोठी माणसं पोरांना बिघडवताहेत.

हातात धरायला यंत्रच हवं असेल तर कोर्गचा व्होल्का कीज बघा. २०१३ पासूनचं हे मॉडेल. तीन सुरांचा अ‍ॅनालॉग सिंथ, सूर ओळीनं आपोआप वाजवणारा सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर, पोटातच स्पीकर. सहा पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी रियाज थांबत नाही. आमच्या भागात ही किती मोठी गोष्ट आहे हे बंगळुरूत बसून परीक्षणं करणाऱ्यांना कळणार नाही. त्याच्या पट्ट्या स्पर्शाच्या आहेत, बोटाला मजा नाही, पण मिडीची वायर लावून दुसरा कीबोर्ड जोडता येतो. थोडे जास्त पैसे असतील तर कोर्गचाच मोनोलॉग. तोही सेलवर चालतो, एका वेळी एकच सूर काढतो, आणि त्यात प्रत्येक स्वर वेगळा जुळवता येतो. तोडीचा अतिकोमल गंधार हवा तिथं लावा. एकच सूर म्हणून नाक मुरडू नका. बासरीलाही एकच असतो. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक त्या मानानं विचित्र यंत्र आहे, पण शोधक पोरासाठी उत्तम. ३०३ चीच नक्कल हवी असेल तर बेरिंजरचा टीडी-३ आहे.

वापरलेलं घ्यायला घाबरू नका. प्रत्येक खुंटी हळू फिरवून बघा. खरखर आली तर ती बहुतेक साफ करून जाते, पण मेलेली पट्टी दिसली तर हात जोडा. अ‍ॅडॉप्टर मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. व्होल्काला नऊ व्होल्टचा आणि मधली पिन धन असलेला लागतो. गिटारच्या पेडलांचे अ‍ॅडॉप्टर बहुतेक उलटे असतात, मधली पिन ऋण. पिन बसते म्हणून लावला की यंत्र गेलं, आणि आमच्याकडे ते दुरुस्त करणारा माणूस शोधायला पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. परदेशातून स्वस्त दिसतं म्हणून मागवणाऱ्यांनी कस्टम ड्युटी आणि जीएसटी आधी जोडून बघावा. मग स्वस्ताई उरत नाही आणि वॉरंटीही.

जी मंडळी ‘अ‍ॅनालॉगशिवाय खरा आवाज नाही’, ‘लाखभराचा असेल तरच हात लाव’ असं पोरांना सांगत फिरतात, त्यांचा मला त्या दुकानदाराइतकाच संताप येतो. दुकानदार निदान आपलं पोट भरतो. ही मंडळी केवळ आपली ऐट राखायला एखाद्या गरीब घरच्या पोराचा उत्साह मारतात. त्या पोराचा बाप उसाच्या तोडीवर राबतो, हे त्यांच्या गावी नसतं.

तेव्हा बापांनो, पोरगं वाद्य मागत असेल तर रागावू नका आणि भुलूही नका. दुकानात जा, यंत्र चालू करायला लावा, आणि त्या तबल्याच्या ठेक्यावर मान डोलवायच्या आधी एकच विचारा: याचा फिल्टर कुठं आहे, आणि तो मला हातानं फिरवून दाखवा. दाखवता आलं नाही, तर पैसे खिशात ठेवा आणि परतीची एसटी पकडा.